खिशातील बटणांची डायरी : पहिली ओळख आणि हिशेबाचा धडा

आपल्या व्यापारात वही आणि विश्वास या दोन गोष्टींवर सारा कारभार चालतो. विश्वास कितीही असला तरी वही लागते आणि वही कितीही चोख असली तरी विश्वासावाचून माल उधार जात नाही. या वहीची जागा घेऊ पाहणारे एक छोटे यंत्र १९९४ साली प्रथम माझ्या हाती आले. त्याला आपल्याकडे 'डिजिटल डायरी' म्हणत. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि त्या डायरीचे नावही अनेक तरुणांना ठाऊक नाही. मग त्या जुन्या यंत्राची गोष्ट आता कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण असे की, फोनमध्ये हिशेब ठेवताना आपले व्यापारी व कारागीर बांधव आज ज्या चुका करतात, त्यांपैकी बहुतेक मी त्या यंत्रावर पूर्वीच करून बसलो आहे. त्यातील एका चुकीमुळे एका वृद्ध कारागिराची मजुरी बुडण्याची वेळ आली होती. तो अनुभव आणि त्यातून काढलेले काही नियम येथे देत आहे.

पहिली नजर

माझे मेहुणे जिद्दाहून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी मला ही डायरी भेट दिली. बंद केली की ती चष्म्याच्या घरापेक्षा थोडी रुंद दिसे आणि सदऱ्याच्या खिशात बसे. पुस्तकासारखी उघडली की वरच्या भागात राखाडी रंगाचा पडदा आणि खालच्या भागात रबरी बटणे. पडद्यावर काळ्या अक्षरांच्या सहा ओळी दिसत. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे गोदामाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती वाचण्यासाठी दारापर्यंत यावे लागे.

तिच्यात पाच कामे होती. फोन नंबर व पत्ते ठेवणे, टिपण लिहिणे, तारखेनुसार कामे नोंदवणे, आकडेमोड करणे आणि ठरलेल्या वेळी गजर देणे. शिवाय एक गुप्त कप्पा होता. त्यात ठेवलेली नोंद परवलीचा शब्द दिल्याशिवाय उघडत नसे.

त्या काळी आमच्या पेढीवर काळा फोन होता आणि त्याच्या शेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची नंबरांची वही. बाहेरगावी गेलो की ती वही सोलापुरातच राही. हैदराबादला उतरल्यावर पार्टीचा नंबर आठवला नाही, तर एसटीडी बूथवरून घरी फोन करून नंबर विचारायचा, असा प्रकार अनेकदा होई. त्यामुळे सारे नंबर खिशात, हीच मला सर्वांत मोठी सोय वाटली. पहिल्या आठवड्यात मी ती डायरी ज्याला त्याला दाखवत फिरलो. आमच्या अब्बांनी मात्र ती हातात घेतली, एक-दोन बटणे दाबली आणि विचारले, "यात लिहिलेले माझ्यानंतर कोणाला वाचता येईल?" तेव्हा मला तो प्रश्न जुन्या पिढीचा वाटला होता.

हे यंत्र आले कोठून?

खिशात मावणाऱ्या अशा यंत्रांची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८३ मध्ये अशी डायरी बाजारात आणली. १९८४ मध्ये ब्रिटनच्या सायऑन कंपनीने 'ऑर्गनायझर' नावाचे यंत्र काढले. त्यावर सोळा अक्षरांची एकच ओळ दिसे आणि बटणे ए, बी, सी अशा वर्णक्रमाने मांडलेली होती. १९८६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि ती गोदामातील माल मोजण्याच्या कामीही लागली. या यंत्रात नोंदी साठवण्याची एक वेगळी डबी बसवत. त्या डबीतील नोंद खोडली तरी ती आतून पुसली जात नसे. पूर्ण पुसायची असेल तर डबी बाहेर काढून अतिनील किरणांखाली ठेवावी लागे. म्हणजे ती शाईने लिहिल्यासारखी नोंद होती. व्यापाऱ्याने हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

त्याच कंपनीने १९९१ मध्ये 'सिरीज थ्री' आणि १९९७ मध्ये 'सिरीज फाइव्ह' ही यंत्रे काढली. ती साध्या दोन पेन्सिल सेलवर चालत. 'सिरीज फाइव्ह' उघडताना तिची बटणांची पाटी पुढे सरकत येई, त्यामुळे छोट्या यंत्रावरही दोन्ही हातांनी टाइप करता येई. पुढे १९९८ मध्ये सायऑन, नोकिया व एरिक्सन यांनी मिळून सिम्बियन ही कंपनी स्थापन केली आणि नोकियाचे अनेक फोन तिच्या प्रणालीवर चालले. १९९६ मध्ये नोकियाने फोन आणि बटणांची डायरी एकाच डबीत आणून 'कम्युनिकेटर' काढलाच होता. म्हणजे आज आपण ज्या फोनवर हिशेब लिहितो, त्याच्या वाडवडिलांत ही डायरी येते.

बटणांशी झटापट

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात, बाजारात शिकलेली मराठी आणि यंत्रावर मात्र इंग्रजी अक्षरे. पहिले नाव लिहायला मला जवळजवळ पाच मिनिटे लागली. अक्षरे वर्णक्रमाने नव्हती, टाइपरायटरप्रमाणे क्यू, डब्ल्यू, ई अशी होती. ही मांडणी अमेरिकेत १८७० च्या दशकात टाइपरायटरसाठी रूढ झाली आणि पुढे संगणकावर व फोनवरही तीच चालत आली. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या मुलांना ती सोपी जाई. माझ्यासारख्याला प्रत्येक अक्षर शोधावे लागे.

त्यात बटणे इतकी लहान की एका अंगठ्याखाली दोन येत. शेवटी मी डायरी दोन्ही तळहातांत धरून फक्त दोन अंगठ्यांनी लिहायला शिकलो. दोन महिन्यांत हात बसला. आज तरुण मुले फोनवर जसे लिहितात, अगदी तसेच.

मराठी किंवा उर्दू अक्षरे त्यात का नव्हती, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. त्याचे कारण पुढे कळले. अशा पडद्यावर एका अक्षरासाठी बहुधा पाच आडवे व सात उभे असे पस्तीस ठिपके असत. इंग्रजी मोठे अक्षर तेवढ्यात नीट बसते. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर, हे सारे सात ठिपक्यांच्या उंचीत मावत नाही. उर्दूत अक्षराचे रूप त्याच्या जागेप्रमाणे बदलते, तिथे तर अडचण आणखी मोठी. संगणकावर मात्र हे काम त्या काळी झाले होते. भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' ही बटणांची मांडणी १९८६ मध्ये ठरली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संगणकात मराठी आणण्याचे मोठे काम केले आणि १९९४ मध्ये उर्दूसाठी 'इनपेज' आले. परंतु खिशातील स्वस्त यंत्रापर्यंत आपली लिपी पोहोचायला बरीच वर्षे गेली. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये भारतीय भाषांसाठी 'सिम्प्युटर' हे हातात धरायचे यंत्र दाखवले, २००४ मध्ये ते विक्रीलाही आले, पण बाजारात रुजले नाही.

याचा परिणाम असा की जो आपल्या भाषेत उत्तम हिशेब लिहू शकत होता तो कारागीर यंत्राच्या बाहेर राहिला. यंत्रात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. पुढे जी चूक झाली तिचे मूळ यातही होते.

नाव कोणत्या अक्षराखाली?

डायरी नावे आपोआप वर्णक्रमाने लावत असे. ही सोय पहिल्या महिन्यातच डोकेदुखी ठरली. 'शेख' हे आडनाव एका पार्टीच्या बिलावर 'ए-आय' घालून, दुसरीच्या बिलावर 'ई-आय' घालून आणि तिसरीच्या पाटीवर नुसते 'एस-के' असे. 'मोहम्मद' तर पूर्ण लिहावे की 'एम-डी', याचा नियमच नाही. आमच्या बाजारात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशी चारही भाषांची नावे. मी आज एका तऱ्हेने लिहिलेले नाव सहा महिन्यांनी दुसऱ्या तऱ्हेने शोधत बसे आणि यंत्र सांगे की असे नाव नाही. मग मी ते पुन्हा लिहून ठेवी. एका वर्षात माझ्याकडे एकाच पार्टीच्या तीन नोंदी झाल्या, त्यातील दोन नंबर जुने.

यावर मी एक उपाय काढला. नावाच्या आधी गावाचा एसटीडी कोड लिहायचा. सोलापूर ०२१७, गुलबर्गा ०८४७२, हैदराबाद ०४०. त्यामुळे एका गावच्या सर्व पार्ट्या एका ठिकाणी येत आणि नावाच्या स्पेलिंगवर भिस्त राहत नसे. कोडानंतर मालकाचे नाव न लिहिता दुकानाचे नाव, तेही पाटीवर जसे असेल तसेच. मालक बदलतात, पाटी सहसा टिकते. कोड घेतला हे बरेच झाले, कारण पुढे गावांची नावेही बदलली. गुलबर्ग्याचे २०१४ मध्ये कलबुर्गी झाले, उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले. गावाच्या नावाखाली ठेवलेल्या याद्या ज्यांच्याकडे होत्या त्यांना त्या पुन्हा लावाव्या लागल्या.

वाचक बंधूंनी आज फोनमधील आपली नावांची यादी उघडून पाहावी. एकाच माणसाच्या किती नोंदी आहेत आणि 'भाई चादरवाले', 'नवीन सूतवाले' अशी किती नावे आहेत ते मोजावे. ती यादी फक्त आपल्यालाच समजते. आपला मुलगा किंवा मुनीम ती वापरू शकत नसेल तर तिचा पेढीला उपयोग अर्धाच आहे.

यंत्राचे खरे फायदे

दोष पुष्कळ सांगितले, आता गुणही सांगितले पाहिजेत. पहिला गुण, नोंद जागेवर होते. पूर्वी मी मागावर जाऊन किती माल तयार आहे ते पाहून येई आणि रात्री पेढीवर वहीत लिही. मधल्या चार तासांत आकडा बदलून जाई. डायरी आल्यावर मागाशेजारी उभे राहूनच आकडा लिहिता येऊ लागला.

दुसरा गुण, तारखेची आठवण. सूत तीस दिवसांच्या उधारीवर घेतले की तिसावा दिवस कोणता ते यंत्रात टाकून ठेवायचे. त्या दिवशी सकाळी गजर होई. सुताच्या व्यापाऱ्याचा माणूस मागायला येण्याआधी पैसे तयार ठेवले की बाजारात आपली पत वाढते. त्या दोन-तीन वर्षांत आमची देणी वेळेवर गेली, यात या यंत्राचा वाटा होता हे मान्य केले पाहिजे.

तिसरा गुण, आटोपशीरपणा. माझ्या डायरीची क्षमता ३२ किलोबाइट होती. एक किलोबाइट म्हणजे १,०२४ अक्षरे, म्हणजे एकूण ३२,७६८ अक्षरे. एका पार्टीचे नाव, नंबर, पत्ता व छोटे टिपण मिळून ६४ अक्षरे धरली तर ५१२ पार्ट्या मावतात. जागा मोजकी म्हणून मी मोजकेच लिही. आज फोनमध्ये जागेला तोटा नाही आणि त्यामुळे कामाची नोंद हजारो फोटो व निरोपांखाली गाडली जाते.

या तीन गुणांमुळे माझी एक सवय हळूहळू बदलली. आधी मी डायरीत लिहून रात्री वहीत उतरवी. मग दोन दिवसांनी उतरवू लागलो, मग आठवड्याने. शेवटी कारागिरांच्या मालाचे आकडे वहीत उतरवणे बंदच झाले. यंत्रात आहेत, मग दोनदा कशाला लिहायचे, असा विचार मी केला. चूक इथे झाली.

बटणासारखा सेल

या डायरीतील नोंदी सेलच्या जोरावर टिकत. वीज चालू आहे तोवर नोंदी आहेत, वीज गेली की पाटी कोरी. म्हणून आत मुख्य सेल आणि एक राखीव सेल असे दोन प्रकारचे सेल बसवलेले असत. मुख्य सेल बदलताना राखीव सेल नोंदी सांभाळी. हे सेल नाण्यासारखे चपटे असतात. त्यावर 'सीआर २०३२' असे काही छापलेले दिसते. त्यातील २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब तीन व्होल्ट. दोन्ही प्रकारचे सेल एकाच वेळी काढू नयेत, अशी सूचना माहितीपत्रकात ठळक छापली होती. माहितीपत्रक मी कधी वाचले नव्हते.

१९९७ मध्ये रमजान ईद फेब्रुवारीत आली. ईदच्या चार दिवस आधी आम्ही कारागिरांचा हिशेब पुरा करीत असू. त्याच दिवशी पडद्यावर सेल संपत आल्याची खूण दिसू लागली. याआधी सेल घड्याळवाल्याने बदलून दिले होते आणि तो एकेक करून बदले. या वेळी घाई होती म्हणून मीच मागचे झाकण उघडले आणि सारे सेल एकदम काढून टेबलावर ठेवले. नवे घालून डायरी चालू केली तेव्हा तिने मला आजची तारीख विचारली. आत एकही नाव नव्हते, एकही आकडा नव्हता.

फोन नंबर गेले त्याचे दुःख फार नव्हते, ते बिलांवरून पुन्हा मिळाले. पण एका कारागीर चाचांचा महिनाभराचा हिशेब फक्त त्या डायरीत होता. आम्ही त्यांना सूत देत असू, ते आपल्या दोन मागांवर टॉवेल विणून पाच-पाच डझनांचे गठ्ठे पेढीवर आणून टाकीत आणि मजुरी डझनावर ठरलेली होती. त्यांचे म्हणणे अडतीस गठ्ठे दिले. मला आठवत होते चौतीस. माल बाकीच्या मालात मिसळून पुढे गेला होता, त्यामुळे मोजून पाहण्याची सोय नव्हती. चार गठ्ठे म्हणजे वीस डझनांची मजुरी, तीही ईदच्या तोंडावर.

मी माझ्या आकड्यावर अडून बसलो. माझ्याजवळ पुरावा नव्हता, पण मी शिकलेला, यंत्र वापरणारा, आणि चाचांना लिहिता येत नव्हते. माझ्या मनात कोठेतरी असे होते की चूक त्यांचीच असणार. चाचा आवाज न चढवता अब्बांना म्हणाले, "शेठ, मला कागद ठाऊक नाही. पण घरी येऊन एकदा भिंत बघा."

अब्बा त्यांच्याबरोबर गेले, मीही मागून गेलो. मागाच्या शेजारच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या होत्या. गठ्ठा बाहेर पडला की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. मागच्या महिन्याच्या रेघांखाली एक लांब रेघ, म्हणजे तो हिशेब मिटला. त्या लांब रेघेखाली पाचांचे सात संच आणि तीन सुट्या रेघा. अडतीस. अब्बांनी मागच्या महिन्याच्या रेघाही मोजल्या आणि पेढीवर येऊन जुन्या वहीशी ताडून पाहिल्या. आकडा तंतोतंत जुळला. आता संशयाला जागा उरली नाही.

चाचांना अडतीस गठ्ठ्यांची मजुरी मिळाली. रात्री अब्बा मला एवढेच म्हणाले, "बेटा, लिहायचे काम तुझे होते. तू लिहिलेले हरवलेस, तर नुकसान तुझे. ते दुसऱ्याच्या ताटातून कसे भरून काढशील?"

रेघांत काय होते, जे यंत्रात नव्हते

त्या भिंतीचा मी पुढे बराच विचार केला. कोळशाच्या रेघांत तीन गोष्टी होत्या. त्या माल बाहेर पडताच ओढल्या जात होत्या. त्या घरातल्या सर्वांना दिसत होत्या, कोणीही मोजू शकत होते. आणि त्या टिकवायला सेल लागत नव्हता. माझ्या यंत्रात यातील पहिली गोष्ट होती, दुसरी व तिसरी नव्हती.

आपल्या सोलापूरच्या धंद्यात हे शहाणपण नवे नाही. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डवर विणली जाते. जकार्ड हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास आले आणि त्यात नक्षीची आठवण भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांत ठेवलेली असते. भोक असेल तिथे सुई आत जाते व धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथे नाही. पुढे अमेरिकेत १८९० च्या जनगणनेचे आकडे मोजण्यासाठी अशाच भोकांच्या पत्त्यांचा उपयोग झाला आणि नंतर कित्येक वर्षे संगणकही भोकांचे पत्ते वाचत. वीज गेली, माग थांबला, तरी पत्त्यातील नक्षी जागच्या जागी राहते. पत्ता फाटला तर दुसऱ्या प्रतीवरून नवा पाडता येतो. ज्या चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली, तिची नक्षी अशा पत्त्यांनी सांभाळली आहे. नक्षीची जेवढी काळजी आम्ही घेत आलो, तेवढी मी माणसाच्या मजुरीच्या आकड्याची घेतली नव्हती.

उधारीचे लिखाण हा आपल्याकडे नुसता सोयीचा भाग नाही. कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातील २८२ वी, याच विषयावर आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, असे त्यात फर्मावले आहे. मजुरीच्या बाबतीत देणेकरी मी होतो. म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यागणिक आकडा मोठ्याने सांगून चाचांसमोर लिहिण्याची जबाबदारी माझी होती. मी तो त्यांना वाचता न येणाऱ्या अक्षरांत, माझ्या खिशात ठेवून मोकळा झालो होतो.

कायदा काय पाहतो?

देशाचा कायदाही याच अंगाने विचार करतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात असे तत्त्व होते की, नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते, पण फक्त तेवढ्यावरून दुसऱ्यावर देणे लादता येत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, त्यातही हे तत्त्व कायम आहे. संगणकातील वा फोनमधील हिशेबालाही ते लागू आहे. म्हणून नोंदीला जोड हवी. पावती, बिल्टी, सही किंवा समोरच्याचा लेखी होकार.

विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने देणे लेखी मान्य करून सही दिली, तर तेथून नवी मुदत सुरू होते. वर्षातून एकदा बाकीच्या आकड्यावर सही घेण्याची जुनी पद्धत यासाठीच मोलाची आहे.

लहान कारागिरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर त्यातील मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल कोणत्या दिवशी दिला याची नोंदच नसेल, तर हा हक्क मागायचा कशावरून? जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी तर हिशेबाचे दस्तावेज वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. एवढ्या काळात माणूस दोन-तीन फोन बदलतो.

आजच्या फोनसाठी सहा नियम

त्या प्रसंगानंतर आमच्या पेढीवर जे नियम ठरले तेच थोड्या फरकाने आज फोनला लागू करतो.

१) नोंद जागेवर आणि समोरच्यासमोर करा. आकडा मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हे अधिक आवश्यक आहे. आज फोनवर मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड सर्व लिप्या आहेत, तेव्हा त्याच्या भाषेत निरोप पाठवा.

२) एक नोंद दोन ठिकाणी ठेवा. फोनमधील आकडा त्याच रात्री वहीत उतरवा, किंवा रोजचा हिशेब दुसऱ्या यंत्रावर वा मेलवर पाठवा. दोन्ही प्रती एकाच खिशात असतील तर ती एकच प्रत समजावी.

३) नोंद पुसू नका. चूक झाली तर खाली दुरुस्तीची दुसरी नोंद करा. वहीत आपण खाडाखोड करीत नाही, तोच शिरस्ता फोनवर पाळा. निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय व्यापाराच्या निरोपांसाठी बंद ठेवा.

४) नावे एका ठरलेल्या पद्धतीने लिहा. आधी गावाचा कोड, मग दुकानाचे नाव, मग माणूस. घरातील दुसऱ्या व्यक्तीला ती शोधता आली पाहिजेत.

५) परवलीचा शब्द एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. माझ्या डायरीच्या गुप्त कप्प्याचा शब्द विसरला तर सारे पुसण्यावाचून मार्ग नव्हता. माणूस अचानक गेला तर त्याची देणी कोणाची, येणी कोणाकडे, हे वारसांना कळले पाहिजे. देणी फेडल्याशिवाय वारशाची वाटणी होत नाही.

६) नवे यंत्र घेतले की प्रथम त्याचे माहितीपत्रक वाचा किंवा जाणत्याकडून समजून घ्या. आणि पहिले तीन महिने जुनी वही बंद करू नका.

शेवटी

ती डायरी अजून माझ्या कपाटात आहे. काही दिवसांपूर्वी नवे सेल घालून पाहिले तर चालू झाली आणि पूर्वीसारखीच तारीख विचारू लागली. आमची वही मात्र तेव्हापासून कधी बंद झाली नाही. पेढीवर आता संगणक आहे, बिले जीएसटीची आहेत, पैसे फोनवरून जातात. तरीही कारागिराने माल आणला की एका छापील पुस्तकात दोन प्रती होतात. एक आमच्याकडे राहते, एक त्याच्या हाती जाते. आकडा वाचून दाखवल्याशिवाय पान फाडायचे नाही, हा नियम माझ्या मुलालाही लागू आहे.

यंत्राला नावे ठेवण्याचा या लेखाचा हेतू नाही. त्या डायरीने मला जागेवर लिहायला शिकवले आणि देणी वेळेवर द्यायला शिकवले. आपल्या बांधवांनी नवी साधने जरूर वापरावीत, मुलांकडून शिकावीत, त्यात कमीपणा मानू नये. मात्र आपल्या खिशातील यंत्रात जो आकडा आहे तो पुष्कळदा दुसऱ्याच्या घामाचा असतो. तो आपल्याकडे अमानत म्हणून आहे. आज रात्री पेढी बंद करण्यापूर्वी फोनमधील अशी एक तरी नोंद शोधा जी दुसरीकडे कोठेच लिहिलेली नाही, आणि ती वहीत उतरवून मगच दिवा मालवा.